अनुभव धागा: शिपायाला भेटायला कुठं जाता?

१ मेला सीताबर्डीच्या किल्ल्यावर गेलो. उभा जन्म नागपुरात काढला, पण किल्ला सामान्य माणसाला वर्षातून तीनच दिवस उघडा, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. त्या तिन्ही दिवशी आपल्याला झोप प्यारी. या वेळी मुलीनं ओढून नेलं. आत टेरिटोरियल आर्मीचा तळ, सगळं झाडूनपुसून लख्ख. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज याच टेकड्यांवर भिडले होते. त्या लढाईत पडलेल्यांच्या कबरी आत आहेत. मुलगी म्हणाली, "बाबा, ह्या इंग्रजांकडच्या ना? मग आपले कुठं आहेत?" मी "चल, तिकडून स्टेशन दिसतं" म्हणून वेळ मारून नेली.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. आपला शिपाई बहुतेक वेळा जाळला जातो, त्याला कबर नसते. मग जायचं कुठं, आणि जाऊन करायचं काय? जे कोणी असे गेले असतील त्यांनी लिहा. भाषणं नकोत, ती माइकवरून फुकट मिळतात.

कामठीची लेक

आमची छावणी १८२१ सालची, कन्हानच्या काठी. गोऱ्यांची जुनी दफनभूमी म्हणजे आम्हा पोरांची बोरं वेचायची जागा. आईला कळलं की पाठीत धपाटा. मागच्या हिवाळ्यात भावाला घेऊन मुद्दाम गेले. गुडघ्याएवढं गवत. एका दगडावर बाटलीतलं पाणी ओतलं, नखानं माती खरवडली, तर अक्षरांच्या आधी वय निघालं. २२. माझ्या मुलाचं वय. याच्या आईनं हा दगड कधी पाहिलाच नसेल, एवढंच मनात आलं. तो आपल्यावर राज्य करायला आला होता हे भावाला आठवलं, आणि त्यानं ते मला ऐकवलंही. घरी पोहोचेपर्यंत भांडत होतो. तो चुकला असं अजूनही म्हणवत नाही.

पुण्यात नोकरी केलेला नागपूरकर

ताई, तुमचं वाचून खडकी आठवली. तिथल्या युद्ध स्मशानभूमीत मी रविवारी सकाळी जायचो. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी. पश्चिम आणि मध्य भारतात जिथं कायमची निगा राखणं जमणार नव्हतं, तिथल्या कबरी हलवून इथं आणल्या. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. आपल्याकडे मेल्यावरही हुद्दा सुटत नाही, म्हणून मला याचं फार अप्रूप. माळी दगडाच्या कडेचं गवत कात्रीनं कापायचा, न्हावी कानामागचे केस कापतो तसं, जिभेचं टोक बाहेर काढून.

तिथंच पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, त्यावर १,८०० हून जास्त नावं. ज्यांच्या कबरी ठिकठिकाणच्या छावण्यांत राहिल्या आणि सांभाळणं होईना, त्यांची. तुमच्या कामठीत त्या काळातला कोणी असेल तर नाव तिथं शोधून बघा.

इंदोरा

आमच्या आज्याची ना कबर, ना समाधी. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन १९४२ मंदी कामठीले उभी झाली, त्यात थो भरती झाला. गावातून पायी आला म्हणे, चपला हातात धरून, झिजतीन म्हणून. त्याची काळी लोखंडी पेटी घरी हाय. झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव. १ ऑक्टोबर रेजिमेंटचा स्थापना दिवस, त्या दिवशी बाबा पेटी अंगणात काढते अन् तेलाच्या फडक्यानं पुसते. पुसूपुसू नंबरातला शेवटचा आकडा गेला. पोट्टे म्हंतात, नवीन रंग मारून देऊ. बाबा म्हणते, "हात नोका लावू बे. थे त्यानं सोताच्या हातानं लिहेल हाय."

एक शिक्षिका

२६ जुलैला अजनी चौकातल्या शहीद स्मारकावर सहावीची मुलं नेली होती. पाहुणे पाऊण तास उशिरा, वर भाषण. दोन मुली चक्कर येऊन खाली बसल्या. फोटो झाले, गाड्या गेल्या. मग कोटावर पदकं लावलेले एक आजोबा वाकून पाण्याचे रिकामे ग्लास उचलायला लागले. मुलंही लागली, मी सांगितलं नव्हतं. एकानं विचारलं, "आजोबा, तुम्ही कारगिलला लढलात?"

"नाही रे. रेशन पोहोचवायचो."

"मग पदक कशाचं?"

"रेशन पोहोचवल्याचं."

सुभेदार, निवृत्त

मी गार्ड्सचा, म्हणजे पायदळातल्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचा. आमचं सेंटर कामठीत आहे. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, गेटवरच्या पोराशी हुज्जत घालू नका, तो ड्यूटी करतोय. १९७१ च्या युद्धात, आजच्या बांगलादेशातल्या गंगासागरला १४ गार्ड्सच्या लान्स नायक अल्बर्ट एक्कांना वीरमरण आलं, परमवीर चक्र मिळालं. ३ डिसेंबर आला की ते नाव आमच्यात निघतंच.

दिल्लीला राष्ट्रीय समर स्मारक २०१९ मध्ये झालं. तिथं ग्रॅनाइटवर नावं कोरलीत. मी फुलं नेत नाही. टोपी सरळ करतो आणि नावं तोंडानं वाचतो, मनात नाही. अडखळलो तर पुन्हा पहिल्यापासून. माझ्या सेक्शनमधल्या एकाचं नाव आहे तिथं. त्याचे सत्तर रुपये माझ्याकडे राहिले होते. त्याच्या घरी द्यायला गेलो, आईनं घेतले नाहीत. म्हणाली, असू दे तुझ्याकडे, त्या निमित्तानं येशील. पुढचं लिहीत नाही.

धागा काढणारा

सुभेदार काका, नमस्कार. मुलीला सगळं वाचून दाखवलं. १५ ऑगस्टला पुन्हा जायचं म्हणते, पाण्याची बाटली आणि जुना टूथब्रश घेऊन. आपले सापडेपर्यंत जे आहेत त्यांचं नाव तरी वाचू, असं तिचं म्हणणं. किल्ल्याच्या गेटवर बाटली आत नेऊ देतात का, कोणाला माहीत आहे?