'पाचकता' की 'पचनीयता'? आणि जून चारा

गवताच्या चाऱ्यावरचा एक मजकूर मराठीत नीट करतोय, त्यात "तंतूंची पाचकता" असं आहे आणि दरवेळी तिथे अडखळायला होतंय. पाचक म्हणजे पचवणारा ना? पाचक रस, पाचक चूर्ण. गवताचे तंतू कुणाला पचवणार, तेच पचायचेत. आणि तंतूऐवजी सरळ चोथा लिहिलं तर?

प्रतिसाद:
पचनीयताच लिहा. वाचण्याजोगं ते वाचनीय, तसं पचण्याजोगं ते पचनीय. पाचकता म्हणायचीच तर कोटीपोटातल्या, म्हणजे गायीच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, जंतूंची म्हणा, कारण सेल्युलोज (तंतूंचा मुख्य घटक) तोडणारं एन्झाइम गाय स्वतः बनवतच नाही, ते काम जंतू करतात. चोथा मात्र अजिबात नको हो, चोथा म्हणजे रस काढून घेतल्यावर उरलेलं टाकाऊ, आणि इथे तर त्या तंतूंपासूनच जंतू अ‍ॅसिटिक आम्ल वगैरे तयार करतात, त्यावर गाय जगते आणि दुधातल्या फॅटचा मोठा भागही त्यातूनच येतो.

प्रतिसाद:
मला तर वाटतं आपल्याकडे यासाठी फार नेमका शब्द आधीपासून आहे, जून, म्हणजे वाढून राठ झालेलं. तंतू किती आणि त्यातले पचतात किती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक पहिलीच बघतात. समजा दोन्ही गवतांत १०० किलो कोरड्या चाऱ्यामागे ६० किलो एनडीएफ आहे, म्हणजे एकूण तंतू, सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन मिळून. एकातलं ६५ टक्के पचलं तर ३९ किलो कामी आलं, दुसऱ्यातलं ४५ टक्के पचलं तर २७ च. फरक लिग्निनचा, म्हणजे धाट कडक करणाऱ्या घटकाचा, ते स्वतः पचत नाही आणि शेजारच्या सेल्युलोजपर्यंत जंतूंना पोचूही देत नाही. पोटरीत आलेल्या (कणीस अजून बाहेर न पडलेल्या) गवताचं धाट घेऊन नख लावा, रुततं. निसवून बी धरलेल्याचं घ्या, नख घसरतं. मग शेण चाळणीत धुवून बघा, त्याच धाटाचे तुकडे वर राहिलेले दिसतील.

प्रतिसाद:
जून आवडला पण त्यात वय येतं आणि गोष्ट नुसत्या वयाची नाही. कडक उन्हाळ्यात वाढलेलं गवत तेवढ्याच दिवसांचं असलं तरी कमी पचतं. उलट पानाची मधली शीर तपकिरी असलेले ज्वारी-मक्याचे वाण असतात त्यांच्यात लिग्निनच कमी, त्यामुळे तेवढ्याच वयाच्या साध्या वाणापेक्षा तंतू जास्त पचतात. म्हणून वर्णन करताना जून लिहा, मोजमापाला पचनीयता, आणि तिच्याजवळ तास हवेतच. चारा पोटात अनंतकाळ थांबत नाही, पुढे सरकतो, म्हणून प्रयोगशाळेत कोटीपोटातल्या रसात ठेवून मोजलेली ३० तासांची पचनीयता वेगळी आणि २४० तासांची वेगळी. २४० तासांनीही जे उरतं त्याला अपचनीय म्हणता येईल, 'न पचलेलं' नाही, कारण ३० तासांत न पचलेलं पुढे पचूही शकतं.

मूळ प्रश्नकर्ता:
हे अपचनीय आणि न पचलेलं माझ्याकडे सगळीकडे एकच करून टाकलंय, आता पुन्हा पहिल्या पानापासून बसतो. मथळा "तंतूंची ३० तासांतली पचनीयता" करतोय.