अमेरिकेतही दोरी लावता येते

कोणीतरी लिहिलंय की अमेरिकेत बाहेर कपडे वाळत घालायला बंदीच असते म्हणून ड्रायरशिवाय पर्याय नाही, तर असं सरसकट नाहीये हो. एचओएचे (म्हणजे तिथल्या घरमालकांच्या सोसायटीचे) नियम आडवे येतात हे खरं, पण फ्लोरिडात कायद्याने दोरीवर बंदी घालता येत नाही आणि कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये कायदा झालाय, भाडेकरूसुद्धा घरमालकाला विचारून मागच्या अंगणात दोरी किंवा स्टँड लावू शकतात (बाल्कनीचा कठडा मात्र चालत नाही). आधी आपल्या राज्याचा नियम बघा, मग ड्रायर घ्या!

आणि ड्रायरच्या जाळीत तो जो लिंटचा गोळा साठतो ना, ते आपल्याच कपड्यांचे धागे असतात, सुती कुर्ते, लहान मुलांची झबली यांची अक्षरशः वाट लागते आणि इलास्टिक सैल पडतं ते वेगळंच. मी तरी उन्हाळाभर सगळं बाहेरच वाळवते, रंगीत कपडे उलटे करून सावलीत. फक्त पोलनच्या (हवेतल्या परागकणांच्या) दिवसांत चादरी-अभ्रे ड्रायरमध्ये, कारण घरात ॲलर्जी आहे. ड्रायर वापरलात तर प्रत्येक लोडनंतर जाळी साफ कराच प्लीज, आणि मागचा पाईपही अधूनमधून, लिंट साठून आगी लागतात.