डेबियनसाठी डायल-अप मोडेम: पीसीआय कार्ड की एक्स्टर्नल?

नवाडेबियनकर: पीसीवर डेबियन लिनक्स आहे, टेलिफोन लाइनवरून नेट लावायला मोडेम हवाय. मागे एक सिरियल पोर्ट, दोन यूएसबी. दुकानात ५६केचं पीसीआय कार्ड सगळ्यात स्वस्त मिळतंय, पण खोक्यावर फक्त विंडोजचं नाव आहे. चालेल का?

खटपट्या: नका घेऊ. बहुधा विनमोडेम, म्हणजे विंडोजच्या ड्रायव्हरवर अवलंबून असलेला मोडेम असणार. त्यावर कंट्रोलर (कमांड हाताळणारी चिप) नसतो, बऱ्याचदा डीएसपीही (सिग्नल हाताळणारी चिप) नसतो. सिग्नलचं सगळं काम ड्रायव्हर सीपीयूकडून करून घेतो. लिनक्ससाठी ड्रायव्हर नसेल तर कार्ड निरुपयोगी.

सिरियल पोर्टचा एक्स्टर्नल मोडेम घ्या. तो थेट एटी कमांड (मोडेमला द्यायच्या ठरावीक सूचना) ऐकतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजमधला कॉम१ पोर्ट इथे टीटीवायएस० नावाने दिसतो. पोर्टचा वेग १,१५,२०० बिट प्रति सेकंद ठेवा, ५६,००० नाही. ५६के हा टेलिफोन लाइनवरचा वेग; मोडेम आलेला डेटा उलगडून पीसीला देतो, म्हणून पोर्ट त्याहून वेगवान हवा.

टर्मिनलवाली: यूएसबीच हवा असेल तर यूएसरोबोटिक्स ५६३७ बघा. तो हार्डवेअर मोडेम आहे, कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) सीडीसी-एसीएम ड्रायव्हरवर चालतो आणि टीटीवायएसीएम० म्हणून दिसतो. मात्र यूएसबी म्हटलं की चालेलच असं नाही, त्यातही विनमोडेम निघतात.

कुणाकडे कार्ड आधीच असेल तर एलएसपीसीआय ही कमांड चालवून चिप बघा. कोनेक्झंट एचएसएफ चिपला लिनक्संट कंपनीचा ड्रायव्हर आहे, पण फुकट आवृत्ती १४.४ केबीपीएसवर अडते. स्मार्टलिंकच्या चिपला एसएलमोडेमडी हा ड्रायव्हर आहे. कर्नल बदलला की असे ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करत बसावं लागतं.

नवाडेबियनकर: सिरियलवाला घेतला. डब्ल्यूव्हीडायल या डायल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ या सेटअप कमांडला तो सापडतो, पण डायल करताना ‘नो डायलटोन’ येतं. फोन उचलला की टोन नीट ऐकू येतो.

खटपट्या: आधी वायर बघा. भिंतीकडून आलेली वायर मोडेमच्या ‘लाइन’ खाचेत हवी, ‘फोन’च्या नाही. ती बरोबर असेल तर तुमच्या एक्सचेंजचा टोन मोडेमला ओळखू येत नाहीये. लाइनवर व्हॉइसमेल असेल तर टोन तुटक येतो, तेव्हाही हेच होतं. डब्ल्यूव्हीडायलच्या कॉन्फिग फाइलमध्ये इनिट३ या ओळीत एटीएक्स३ ही कमांड घाला. मग तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो, एंगेज मात्र ओळखतो.

टर्मिनलवाली: आणि ‘परमिशन डिनाइड’ आलं तर स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये (मोडेम वापरायची परवानगी असलेल्या) घाला. लॉगआउट करून परत लॉगिन केल्याशिवाय ते लागू होत नाही.