गिटारची महागडी केबल: आवाजात खरोखर फरक पडतो का?

सहासूत्री (पुणे) यांचा प्रश्न

माझ्याकडे सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाची, इलेक्ट्रिक गिटार असून ती मी सहा मीटरच्या साध्या केबलने कधी घरच्या लहान अँप्लिफायरला, तर कधी ध्वनिमुद्रणासाठी ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात पोचवणाऱ्या उपकरणाला) जोडतो. अलीकडे दोन गोष्टी खटकू लागल्या आहेत. पिनेजवळ केबल हलली की खरखर होते. आणि मित्राच्या तीन मीटरच्या केबलवर हीच गिटार जितकी खणखणीत वाजते, तितकी माझ्या केबलवर वाजत नाही. दुकानदारांनी सहा हजार रुपयांची केबल सुचवली आहे. तिच्यात ऑक्सिजनविरहित तांबे आहे आणि पिनांना सोन्याचा मुलामा आहे, असे ते सांगतात. इंटरफेसपासून स्टुडिओ मॉनिटरपर्यंतच्या (ध्वनिमुद्रण ऐकण्याच्या स्पीकरपर्यंतच्या) केबलही त्याच दर्जाच्या घ्याव्यात, असा त्यांचा आग्रह आहे. एवढा खर्च सार्थकी लागेल इतका फरक ऐकू येतो का, आणि येत असल्यास तो नेमका कशामुळे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

डाखकाम (नाशिक) यांचे उत्तर

आपल्याला जाणवलेला फरक हा भास नाही. मात्र तो किमतीचा नसून लांबीचा असण्याची शक्यता अधिक आहे.

केबलमधली आतली तार आणि तिच्याभोवतीची तांब्याची जाळी यांच्यामध्ये प्लॅस्टिकचे आवरण असल्यामुळे संपूर्ण केबल हाच एक लहानसा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, होतो; ही साठवण्याची क्षमता म्हणजे कपॅसिटन्स. गिटारच्या केबलचा कपॅसिटन्स दर मीटरला साधारणपणे 80 ते 160 पिकोफॅरड असतो. दुसऱ्या टोकाला पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेले केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात, आणि त्यांचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा वेटोळ्याचा गुण) काही हेन्री इतका मोठा असतो. ही दोन्ही मूल्ये मिळून एक अनुनाद तयार होतो, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेला सिग्नल उठून येतो. त्या वारंवारतेच्या आसपास आवाजाला धार येते आणि तिच्या वरचा भाग झपाट्याने क्षीण होत जातो. पिकअपचा इंडक्टन्स 2.5 हेन्री, वेढ्यांचा स्वतःचा कपॅसिटन्स 100 पिकोफॅरड आणि केबलचा मीटरला 100 पिकोफॅरड धरून गणित मांडले, तर तीन मीटरच्या केबलवर हा अनुनाद 5,000 हर्ट्झच्या जवळ येतो आणि सहा मीटरच्या केबलवर 3,800 हर्ट्झच्या जवळ उतरतो. माणसाचा कान ज्या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो, नेमक्या त्याच पट्ट्यात हा बदल घडत असल्यामुळे तो सहज ऐकू येतो.

म्हणून केबल घेताना विचारायचा पहिला प्रश्न मीटरला किती पिकोफॅरड हा आहे. चांगले उत्पादक हा आकडा माहितीपत्रकात देतात. तो न देता केवळ 'उबदार' किंवा 'पारदर्शक' अशी विशेषणे देणाऱ्या केबलवर मी पैसे खर्च करणार नाही. ज्या डिजिटल मल्टिमीटरमध्ये नॅनोफॅरडची पट्टी असते, त्याने आपण स्वतःही हे मोजू शकता. केबलचे एक टोक मोकळे ठेवून दुसऱ्या टोकाच्या पिनेचे टोक आणि तिचा दांडा यांना मीटरच्या दोन तारा लावा. येणाऱ्या आकड्याला लांबीने भागले की झाले.

कमी कपॅसिटन्स म्हणजे नेहमीच चांगला आवाज, असेही नाही. प्रसिद्ध रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स लांब, स्प्रिंगसारखी गुंडाळीदार केबल वापरत असत. अशा केबलचा कपॅसिटन्स मोठा असल्यामुळे कर्कशपणा कमी होऊन आवाज भरीव होतो.

तांब्याविषयी दुकानदार सांगतात ते खोटे नाही, पण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. विजेच्या तारांसाठी वापरले जाणारे नेहमीचे तांबे किमान 99.90 टक्के शुद्ध असते, ऑक्सिजनविरहित तांबे 99.95 टक्के, दोघांची वाहकता जवळपास सारखीच भरते. शिवाय पिकअपचा स्वतःचाच रोध सहा-सात हजार ओहम असताना केबलच्या तारेतील एक ओहमपेक्षाही कमी रोध कितीही घटवला, तरी कोणत्याही कानाला ते कळणार नाही.

खर्ज (ठाणे) यांचे उत्तर

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. तरीही 'स्वस्त केबल पुरेशी आहे' असा अर्थ त्यातून कोणी काढू नये, म्हणून हे लिहीत आहे. मी मंचावर वाजवतो. तिथे केबलवर पाय पडतात, ती ओढली जाते, आणि ऐन कार्यक्रमात ती तुटली तर 5,000 हर्ट्झचा हिशेब कोणाच्याही उपयोगाचा नसतो.

तुमची खरखर बहुधा पिनेतली आहे. पिनेचे कवच फिरवून उघडा. जाळीचा डाख सुटला असेल, किंवा केबलचा ताण धरून ठेवणारी पकड सैल झाल्यामुळे सगळा झटका डाखावर येत असेल. स्वस्त केबलमध्ये पिनेभोवती रबर ओतून ती कायमची बंद केलेली असते, त्यामुळे दुरुस्तीसाठी ती कापूनच काढावी लागते. याउलट न्यूट्रिक किंवा स्विचक्राफ्ट या कंपन्यांची पिन उघडता येते, पकड घट्ट असते, आणि दहा मिनिटांत नवा डाख देता येतो. माझ्या मते केबलमधला जास्तीचा पैसा खऱ्या अर्थाने इथेच वसूल होतो.

केबल कापून पाहिली, तर आणखी एक गोष्ट दिसेल. चांगल्या केबलमध्ये आतल्या तारेच्या आवरणावर, जाळीच्या खाली, कार्बनमिश्रित काळ्या प्लॅस्टिकचा एक पातळ थर असतो. केबल वाकली किंवा जमिनीवर आपटली की जाळी आणि आवरण यांच्या घर्षणातून विद्युतभार निर्माण होतो आणि तोच अँप्लिफायरमधून धपधप असा ऐकू येतो. हा काळा थर तो भार जागीच वाहून नेतो. स्वतः डाख देणाऱ्यांनी एवढे मात्र जपावे की हा थर टोकापासून काही मिलिमीटर मागे सोलून काढायचा असतो. तो वीजवाहक असल्यामुळे आतल्या तारेच्या डाखाला टेकला, तर सिग्नल जाळीकडे झिरपू लागतो आणि केबल नवी असूनही आवाज मंद येतो.

सोन्याचा मुलामा गंजत नाही, हे खरे आहे. कोकणातल्या खाऱ्या हवेत ठेवून दिलेल्या उपकरणांसाठी त्याचा थोडा उपयोगही होईल. रोज काढल्या-घातल्या जाणाऱ्या पिनेवर मात्र तो मऊ धातू लवकर झिजतो. निकेलची पिन अधूनमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेली मला अधिक भरवशाची वाटते. आणि सिंगल कॉइलची 50 हर्ट्झची घरघर कोणत्याही केबलने जाणार नाही, कारण ती पिकअप स्वतःच आसपासच्या चुंबकीय क्षेत्रातून उचलतो. मांडवातल्या तात्पुरत्या वीजजोडणीत अर्थिंग नसेल तर आणखी एक गुणगुण तिच्यात भर घालते. अशा वेळी अर्थिंग करून घ्यावे. घरघर घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगातली अर्थची पिन काढणे जिवावर बेतू शकते.

ध्वनिपट्टी (पणजी) यांचे उत्तर

ध्वनिमुद्रणाच्या बाजूने एक मुद्दा तपासून घ्यावा. इंटरफेसवर गिटार 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी' इनपुटलाच जोडावी. त्याचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलच्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध) साधारण दहा लाख ओहमच्या घरात असतो. साध्या लाइन इनपुटचा तो बहुधा दहा हजार ओहमच्या आसपास असतो, आणि एवढ्या ओझ्याखाली पिकअपचा आवाज केबल कोणतीही असली तरी दबून जातो.

मॉनिटरच्या केबलसाठी जास्त पैसे देऊ नयेत. इंटरफेसचा आउटपुट इम्पीडन्स शे-दोनशे ओहम असतो. त्यावर तीन मीटर केबलच्या कपॅसिटन्सचा परिणाम काही मेगाहर्ट्झवर सुरू होतो, म्हणजे श्रवणमर्यादेच्या शंभरपट पलीकडे. तिथे केबल बॅलन्स्ड असणे मात्र महत्त्वाचे आहे: दोन तारांमधून एकच सिग्नल परस्परविरुद्ध ध्रुवतेने जातो आणि दोघींवर सारखाच बसलेला बाहेरचा उपद्रव मॉनिटरच्या इनपुटपाशी वजा होतो.

स्पीकरच्या केबलमध्ये पाहायची ती तारेची जाडी. 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याची पाच मीटर केबल 8 ओहमच्या स्पीकरला जोडली, तर जाऊन-येऊन रोध सुमारे 0.13 ओहम होतो आणि घट 0.15 डेसिबेलच्या आतच राहते. 2007 मध्ये अमेरिकेत 7,250 डॉलरच्या स्पीकर केबल आणि साधी केबल यांतला फरक नियंत्रित चाचणीत ओळखून दाखवणाऱ्यास, अचाट दाव्यांची शहानिशा करणारे जादूगार जेम्स रँडी यांनी दहा लाख डॉलर देऊ केले होते. केबलच्या उत्पादकाने माघार घेतली आणि चाचणी झालीच नाही. त्यावरून काही सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही, पण अशी चाचणी आपण घरीही करू शकतो: केबल दुसऱ्याने बदलायची, आवाजाची पातळी सारखी ठेवायची, आणि आपण न पाहता ओळखायचे. गिटारच्या तीन आणि सहा मीटरच्या केबल तुम्ही बहुतेक वेळा ओळखाल. दोन तेवढ्याच लांबीच्या, सारख्या पिकोफॅरडच्या केबल ओळखता येतात का, तेही याच पद्धतीने पाहावे.

सहासूत्री

सर्वांचे आभार. इथल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चांगली तार मीटरवर मिळाली, तर तीन मीटर घेऊन उघडता येणाऱ्या पिना (गिटारच्या पिनेला बाजारात पी-38 म्हणतात) लावण्याचा विचार आहे. दोन शंका उरल्या आहेत. मंचासाठी लांब केबल लागलीच तर काय करावे? आणि पिएझो पिकअपच्या (चुंबकाऐवजी दाबातून वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकाच्या) अकूस्टिक गिटारला हेच गणित लागू होते का?

डाखकाम

लांब केबल हवी असेल, तर गिटारनंतर तीन मीटरच्या आत बफर (पुढच्या केबलचे ओझे पिकअपवर येऊ न देणारे सर्किट) असलेला एखादा पेडल ठेवा. बॉस कंपनीच्या बहुतेक पेडलमध्ये तो असतो आणि पेडल बंद असतानाही काम करतो. बफरचा आउटपुट इम्पीडन्स हजार ओहमच्या आसपास असल्यामुळे पुढची दहा मीटर केबल ट्रेबल (वरचे स्वर) खात नाही.

पिएझोचे गणित मात्र वेगळे आहे. गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीअँप (अँप्लिफायरच्या आधीचा लहान वर्धक) असेल, तर तोच बफरचे काम करतो आणि केबलची चिंता उरत नाही. प्रीअँप नसेल, तर पिएझो स्वतःच कपॅसिटरसारखा वागतो. त्यामुळे केबलच्या कपॅसिटन्सने ट्रेबल न जाता एकूण आवाजच खाली येतो. तिथे केबल शक्य तितकी आखूड ठेवावी आणि काळ्या थराची केबलच घ्यावी, कारण एवढ्या मोठ्या इम्पीडन्सवर केबल हलल्याची धपधप सर्वाधिक ऐकू येते. इनपुट दहा लाख ओहमचा असला तरी पिएझोला तो कमी पडतो आणि खर्ज पातळ होतो. म्हणून पिएझोसाठी केबलच्या आधी लहानसा प्रीअँप घ्यावा.