टेफ्लॉन बुशिंग: सांभाळायची की सरसकट काढून टाकायची?

न्यूजर्सीकर:
सध्या माझ्या टेबलावर १९७० च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या स्टाइनवे पियानोची ॲक्शन (कळ दाबली की हॅमर तारेवर मारणारी आतली यंत्रणा) आहे, टेफ्लॉनवाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हॅमर ज्या बारीक पिनेवर हलतो तिच्याभोवती लोकरीचं कापड असायचं, ते दमट हवेत फुगतं, त्याला कसर लागते, म्हणून १९६२ पासून स्टाइनवेने न्यूयॉर्कला टेफ्लॉनची नळी, म्हणजे बुशिंग, बसवायला सुरुवात केली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला परत कापडाकडे वळले. स्टाइनवेच्याच हॅम्बुर्गच्या कारखान्याने या वाटेला जाणंच टाळलं. आता कुठेही टिकटिक ऐकू आली की सगळा सेट फेकून द्या म्हणतात, मला हे अजिबात पटत नाही. काल एक हॅमर बोटात धरून आडवा हलवला, बारीक टक् जाणवली, फ्लँजचा (हॅमर ज्यावर हलतो त्या लाकडी बिजागराचा) स्क्रू पाव फेरा आवळला आणि आवाज गायब! म्हणजे टेफ्लॉनचा दोषच नव्हता. आधी स्क्रू, मग हॅमरचा डिंक, आणि शेवटी बुशिंग बघायचं.

क्वीन्सकर:
स्क्रूचं मान्य, पण मूळ दुखणं तुम्ही बाजूला ठेवताय. मेपलचं लाकूड ऑगस्टमध्ये फुगतं, जानेवारीत हीटर लागला की आकसतं, आणि टेफ्लॉन आहे तेवढंच राहतं. कापड लाकूड आणि पिन यांच्या मधे दबतं-फुलतं, टेफ्लॉन नाही. आज पाच नीट कराल तर हिवाळ्यात दुसरे सात बोलतील. फक्त शँक (हॅमरची दांडी), विपेन (हॅमरला वर ढकलणारा भाग) आणि विपेनवरचे जॅक आणि रिपिटिशन लिव्हर धरले तरी ८८ कळा गुणिले ४ सांधे गुणिले प्रत्येकी २, ७०४ बुशिंग झाली. दर वेळी पैसे त्या घरच्या लोकांनी मोजायचे? आणि पन्नास वर्षांच्या पियानोला हॅमर बदलायचेच असतात, मग शँक-फ्लँज नवे घालायला हरकत काय?

न्यूजर्सीकर:
हॅमर बदलणार असाल तर शँक बदला, त्यात वाद नाही. पण विपेन का काढायचे? खरी वाट लागते ती चुकीच्या सवयींनी. कापडासाठी अल्कोहोल-पाणी घालतात तसं इथे घातलं तर टेफ्लॉन काही शोषत नाही, उलट लाकूड फुगतं. माझ्याकडे आलेल्या या ॲक्शनमध्ये आधीच्या कुणीतरी तेच केलंय आणि वर तेलही सोडलंय, पुसता पुसता दोन संध्याकाळी गेल्या. टेफ्लॉनला त्याचाच रीमर (भोक किंचित मोठं करायचं हत्यार) घ्या, बोटांनीच हळू फिरवा, एक केसभर जास्त निघालं की भोक मोठं झालं आणि ते बुशिंग गेलंच. मग पिन घालून हॅमर सोडून बघा, किती झोके घेतो, त्यावरून घर्षण कळतं.

मुंबईकर:
मी कापडाच्याच पियानोंवर काम करते, तरी सांगते, कापड म्हणजे स्वर्ग नाही हो. जुलैत इथे निम्म्या नोटा जड होतात, पिनांना हिरवी पुटं चढतात, मग पिन काढा, साफ करा, पुन्हा बसवा. खोलीतली हवा सांभाळली नाही तर दोन्ही बुशिंग त्रास देणारच.

क्वीन्सकर:
मुंबईकरताईंचं बरोबर, पण जड झालेलं कापड परत सुधारता येतं, लाकडात सैल झालेली नळी नाही, ती बदलावीच लागते. विपेन ठेवायचे असतील तर ठेवा, फक्त मालकांना आत्ताच लिहून द्या की जानेवारीत परत यावं लागेल आणि तेव्हाचा खर्च किती. ते न सांगता "सगळं नीट झालं" म्हणणं मला चालणार नाही.

न्यूजर्सीकर:
लिहून देतो. आणि जानेवारीत त्याच विपेनचं घर्षण पुन्हा ग्रॅममध्ये मोजून इथेच टाकतो.