सुट्टीतल्या स्नेहभोजनाला प्रत्येक घराने एक पदार्थ न्यायचा आहे, कोणता निवडावा?

प्रश्न

नमस्कार. ओळखीच्या एका कुटुंबाकडे सुट्टीच्या दिवशी रात्रीचे स्नेहभोजन ठरले आहे आणि प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणावा असा बेत आहे. मंडळी साधारण २० आहेत आणि पदार्थ आठ-नऊ तरी होतील. माझ्या घरापासून तिथपर्यंतचा प्रवास दीड तासाचा आहे, आणि पोहोचल्यावर लगेच पाने वाढली जातील असेही नाही. गप्पा होऊन जेवायला बसेपर्यंत आणखी तासभर सहज जाईल. पाहुण्यांपैकी काही जण मांसाहार करत नाहीत, एक जण दूध आणि दुधाचे पदार्थ वर्ज्य करतात आणि एकांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे.

माझ्या हातचे बटाट्याचे कटलेट आणि क्रीममधला पास्ता हे दोन पदार्थ घरी सर्वांना आवडतात, त्यामुळे त्यांपैकी एक न्यावा असे मनात आहे. पास्ता सर्वांना चालणार नाही हे मला कळते, परंतु इतर काही जण क्रीमचे पदार्थ आणणारच असतील. तरीही वाहून नेल्यावर हे दोन्ही कसे राहतील याची खात्री वाटत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण नावाजलेल्या पदार्थांपासून सुरुवात केली आहे, पण अशा जेवणासाठी आधी प्रवासाचा विचार करावा आणि मग पदार्थ ठरवावा. कढईतून थेट ताटात पडणारा पदार्थ आणि डब्यात अडीच तास राहून मग वाढला जाणारा पदार्थ, या दोहोंचा निकष एक असू शकत नाही.

कटलेटचे पाहा. तळल्यावर बाहेरचे आवरण कोरडे आणि आतला बटाटा ओलसर असतो. गरम असतानाच डब्यात भरून झाकण लावले की आतली वाफ बाहेर येऊन त्या आवरणात मुरते, झाकणाला पाणी सुटते आणि ते थेंब पुन्हा कटलेटवरच पडतात. पूर्ण गार करून जाळीवर ठेवून नेले तर थोडे बरे, पण कुरकुरीतपणा राहत नाही, आणि तिथे पुन्हा तळत बसणे म्हणजे यजमानांच्या स्वयंपाकघरात ऐन वेळी अडथळा करणे होय. पास्त्याची अडचण वेगळी आहे. शिजलेला पास्ता सॉसमधले पाणी शोषत राहतो, क्रीम गार होताना घट्ट होते आणि शेवटी सगळ्याचा एक गोळा बनतो. गरम करताना थोडे दूध घालून तो मोकळा करता येतो, परंतु त्यासाठी शेगडी रिकामी मिळायला हवी.

म्हणून माझे मत असे की गार किंवा साध्या तापमानाला चांगला लागणारा, आधी करून ठेवल्यावर चव वाढणारा आणि चमच्याने वाढता येणारा पदार्थ निवडावा. शिजवलेल्या काबुली चण्यांचे लिंबू आणि तेल घातलेले सॅलड या तिन्ही कसोट्यांना उतरते. त्यात मांस नाही, दूध नाही, आणि ते पोटभरीचेही आहे.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी मी बव्हंशी सहमत आहे, मात्र एक गोष्ट आधी करावी असे सुचवते: यजमानांना फोन करून कोण काय आणत आहे ते विचारावे. प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवले तर बहुतेक वेळा गोड पदार्थ तीन-चार होतात आणि पोट भरणारा एखादाच निघतो. मांसाहार न करणाऱ्यांच्या वाट्याला मग सॅलडची पाने आणि पाव एवढेच उरते, आणि हे मला मनापासून खटकते, कारण जेवायला बोलावलेल्या माणसाला जेवण मिळाले पाहिजे. आपला पदार्थ कडधान्याचा असेल तर त्यांना पोटभर आणि पौष्टिक असे काही मिळेल.

ओव्हनवर मात्र विसंबू नये. अशा संध्याकाळी चार घरांचे पदार्थ एकाच ओव्हनची वाट पाहत असतात.

प्रतिसाद ३

चवीबद्दल लिहून झाले आहे. मी सुरक्षिततेबद्दल लिहितो, कारण प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा आकडा अडीच तासांचा आहे.

शिजवलेले अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात राहिले की जिवाणू झपाट्याने वाढतात. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणूंची संख्या २० मिनिटांत दुप्पट होते. म्हणून सर्वसाधारण नियम असा की असे अन्न फ्रिजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. यात प्रवास, पोहोचल्यावरचा वेळ आणि टेबलावरचा वेळ हे सगळे धरायचे असते. लोक मोजणी टेबलावर मांडल्यापासून सुरू करतात. आपल्या बाबतीत पदार्थ वाढायला घेण्याआधीच ती मुदत संपलेली असेल.

यावर उपाय दोनच आहेत: पदार्थ ६० अंशांच्या वर गरम ठेवायचा किंवा ५ अंशांच्या खाली गार ठेवायचा. कोमट ठेवणे हा उपाय नव्हे. दीड तासाच्या प्रवासात गार ठेवणे सोपे जाते. उष्णतारोधक पिशवीत गोठवलेले बर्फाचे पॅक डब्याच्या खाली आणि वर ठेवावेत, पोहोचताच डबा यजमानांच्या फ्रिजमध्ये ठेवावा आणि जेवायला बसतानाच बाहेर काढावा. फ्रिजमध्ये जागा होईल का, हे त्याच फोनवर विचारून घ्यावे.

शिजवलेला भात नेण्याचा विचार कोणी करत असेल तर त्यांच्यासाठीही लिहून ठेवतो. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, भात बाहेर राहिल्यास ते वाढून विष तयार करतात, आणि त्यातले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे 'तिथे जाऊन चांगला गरम करू' हे आश्वासन भाताच्या बाबतीत पुरेसे नाही.

मोठे पातेले जसेच्या तसे फ्रिजमध्ये ठेवू नये. मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. पसरट भांड्यात चार-पाच सेंटिमीटरचा थर करून ठेवल्यास पदार्थ लवकर गार होतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यजमानांशी बोलले. गोड पदार्थ आधीच तीन झाले आहेत आणि कडधान्याचे कोणीच काही आणत नाही, त्यामुळे काबुली चण्यांचे सॅलड नेण्याचे ठरवले आहे. फ्रिजमध्ये एक कप्पा मोकळा ठेवतो असेही त्यांनी सांगितले. आता किती प्रमाणात करावे, आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीसाठी नेमकी कोणती काळजी घ्यावी, एवढे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

प्रमाणाच्या बाबतीत बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त करतात. आठ-नऊ पदार्थ असताना प्रत्येक जण आपल्या पदार्थाचे दोन-तीन चमचेच घेईल, म्हणजे माणशी १०० ग्रॅम धरावेत. २० जणांसाठी दोन किलो पुरते. सुके चणे भिजून शिजल्यावर वजनाने दुपटीहून थोडे अधिक होतात, तेव्हा अर्धा किलो सुक्या चण्यांचे साधारण सव्वा किलो होतील आणि उरलेला भाग भाज्यांचा.

चणे रात्रभर भिजवताना पाण्यात थोडे मीठ घातले की साल मऊ होते. लिंबू मात्र शिजवताना घालू नये, कारण आंबटपणामुळे चणे कडक राहतात. निथळल्यावर गरम असतानाच तेल, मीठ आणि लिंबाचा रस घालून हलवावे. गरम चण्यांत रस आतपर्यंत मुरतो आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक दाण्याला चव येते. गाजर, सिमला मिरची आणि बारीक चिरलेला कांदा आदल्या रात्री घातला तरी चालतो. काकडी आणि टोमॅटो मिठाने पाणी सोडतात, म्हणून ते वेगळ्या डब्यात न्यावेत आणि वाढण्याआधी मिसळावेत, किंवा मी तर म्हणेन की वगळावेतच. गार पदार्थाची चव दबलेली लागते, तेव्हा टेबलावर ठेवण्यापूर्वी एकदा चाखून पाहावे आणि लागल्यास मीठ-लिंबू वाढवावे. यासाठी एक लिंबू सोबत असू द्यावे.

प्रतिसाद ४

आमच्या घरात ॲलर्जी असलेली व्यक्ती आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी थोडे विस्ताराने देते.

प्रथम ती व्यक्ती चणे खाऊ शकते का, हे तिलाच विचारावे. शेंगदाणा हा कवच असलेल्या सुक्या मेव्यातला नसून कडधान्यांच्या कुळातला आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना इतर कडधान्ये चालतात, पण काहींना चालत नाहीत. हा अंदाज आपण करू नये.

दुसरे, साहित्यात शेंगदाणे नसणे एवढ्याने काम भागत नाही. ज्या मिक्सरच्या भांड्यात आधी शेंगदाणे वाटले आहेत ते, आणि लाकडी पळी किंवा चिरायची फळी, यांच्या फटींत अंश राहून जातो, आणि शिजवल्याने तो निरुपद्रवी होत नाही. काचेचे किंवा स्टीलचे भांडे आणि स्वच्छ घासलेली सुरी वापरावी. तेल शेंगदाण्याचे नसावे. तयार मसाला किंवा सॉस वापरत असाल तर पाकिटावरची बारीक अक्षरे प्रत्येक वेळी वाचावीत, कारण उत्पादक घटक बदलतात. सॅलडमध्ये तिळाची पेस्ट घालण्याचा मोह होईल, पण तीळ हाही अनेकांना न चालणारा घटक आहे; अमेरिकेत २०२३ पासून तो प्रमुख ॲलर्जिकारक घटकांच्या यादीत नववा म्हणून धरला जातो. पाहुण्यांपैकी सर्वांची माहिती नसेल तर तो टाळावा.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. घरी सगळे काटेकोर केले तरी टेबलावर कोणीतरी शेंगदाण्याच्या पदार्थातला चमचा आपल्या भांड्यात बुडवतो आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून स्वतःचा वाढायचा चमचा सोबत न्यावा, भांडे शेंगदाणे असलेल्या पदार्थापासून दूर ठेवावे आणि शेजारी कागदावर सर्व घटक स्पष्ट अक्षरांत लिहून ठेवावेत. तेल कशाचे आहे तेही लिहावे, दूध नसल्याची नोंदही त्यावरच करावी. शक्य असल्यास यजमानांना सांगून त्या व्यक्तीला सर्वांच्या आधी वाढून घेऊ द्यावे. ती व्यक्ती बहुधा संकोचाने हे स्वतः मागणार नाही, तेव्हा आपणच ते आधी सुचवावे.