अनुभव सांगा: रोजच्या कामाला विजेची बाईक की पेट्रोलची?

रोज कामाला जायला दुचाकी घ्यायची आहे, पण विजेची घ्यावी की पेट्रोलची हे ठरत नाही, असं म्हणणारे बरेच जण भेटतात. माहितीपत्रकातले आकडे त्यांना पाठ असतात. वापरणाऱ्यांचं म्हणणं मात्र ऐकायला मिळत नाही, म्हणून हा धागा. ज्यांनी यातली एक किंवा दोन्ही गाड्या रोज चालवल्या आहेत त्यांनी लिहावं. रस्ता कसा आहे, वेग किती असतो, गाडी रात्री कुठे उभी राहते, त्रास कशाचा झाला, एवढं आलं तरी पुरे. कोणती कंपनी भारी हा वाद इथे नको.

सुरुवात मीच करते. माझा रस्ता पूर्ण शहरातला. सिग्नल, कोंडी, पुन्हा सिग्नल. आधी पेट्रोलची गाडी होती, आता विजेची आहे. सगळ्यात मोठा फरक डाव्या हाताला जाणवला. कोंडीत क्लच दाबून दाबून मनगट दुखायचं, ते पूर्ण थांबलं. उभ्या गाडीत मोटर फिरतच नाही, त्यामुळे सिग्नलला दिवे आणि हँडलवरचा पडदा (स्क्रीन) सोडला तर वीज खर्च होत नाही. पेट्रोलचं इंजिन तिथेही इंधन जाळत राहतं. म्हणून पेट्रोलची गाडी मोकळ्या रस्त्यावर चांगलं ॲव्हरेज देते आणि गर्दीत कमी, तर विजेची बरोबर उलट. आपला रस्ता यातला कोणता हे आधी बघावं, असं मला मनापासून वाटतं. आणि त्याच्याही आधी, रात्री गाडीजवळ सॉकेट आहे का, हे.

* * *

सॉकेटचा मुद्दा आला म्हणून लिहितो. आमच्या इमारतीत गाड्या खाली उघड्यावर असतात आणि मी वरच्या मजल्यावर राहतो. विजेची बाईक मला फार आवडली होती, चालवूनही पाहिली. पण तिची बॅटरी आत पक्की बसवलेली, काढून वर नेता येत नाही. वरून वायर सोडणं मला पटलं नाही. चार्जिंगला तासन्‌तास सलग करंट लागतो. हलकी एक्स्टेंशन वायर, सैल प्लग, अर्थिंगचा पत्ता नाही, अशा जोडणीत गाडीला काही होण्याआधी प्लग वितळतो. सार्वजनिक चार्जिंगवर अवलंबून राहायचं तर रोज कामावरून सुटल्यावर तिथे थांबायचं, तेही दुसऱ्या कोणाची गाडी आधीच लागलेली नसेल तर. पेट्रोल भरायला काही मिनिटं लागतात. मी पेट्रोलची घेतली आणि समाधानी आहे. काढता येणारी बॅटरी असलेल्या गाड्या मिळतात, पण दहा-बारा किलोचा डबा रोज जिन्याने वर नेणं माझ्या पाठीला झेपणारं नाही.

* * *

माझा रस्ता लांबचा, बहुतेक महामार्गाचा. विजेची बाईक घेतली तेव्हा सांगितलेली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, माझ्या गरजेच्या दुपटीला थोडी कमी होती, म्हणजे भरपूर वाटत होती. महामार्गाच्या वेगात ती मिळाली नाही. यात गाडीचा दोष नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट केला की अडथळा चौपट. जाहीर केलेली रेंज बहुतेक वेळा कमी वेगाच्या चाचणीतली असते. पेट्रोलच्या गाडीचंही ॲव्हरेज वेगाने पडतंच, पण टाकीत इतकी ऊर्जा असते की आपलं लक्ष जात नाही. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. ४ किलोवॅट-तासांची बॅटरी म्हणजे त्या हिशोबाने अर्ध्या लिटरहूनही कमी पेट्रोल! इंजिन त्यातली जेमतेम पाव ऊर्जा चाकापर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. मोटर मात्र मिळालेल्या ऊर्जेतली ८५ ते ९० टक्के कामाला लावते. म्हणून तर एवढ्याशा साठ्यावर गाडी इतकी पळते. पण साठा एवढासाच आहे, हे महामार्गावर समोरून वारा असला की लगेच कळतं.

मी वेग थोडा कमी केला. त्याने रेंज लक्षणीय वाढली आणि पोचायला लागणारा वेळ फारसा वाढला नाही. मात्र कामावर चार्जिंगची सोय नसती तर मी ही गाडी ठेवली नसती. ज्यांना वाटेत मध्येच कुठे वळावं लागतं, मुलांना आणायचं, आजारी माणसाकडे जायचं, त्यांनी नेहमीच्या दिवसाचा नव्हे, सगळ्यात लांबच्या दिवसाचा हिशोब करावा.

* * *

माझी रात्रपाळी असते. पहाटे घरी परतताना कोणाची झोप मोडत नाही, या एका कारणासाठी मी विजेची गाडी घेतली आणि त्याच कारणासाठी ती मला प्रिय आहे. एक गोष्ट शिकावी लागली: पायी चालणाऱ्यांना आपण येतोय हे ऐकूच येत नाही. पार्किंगमध्ये आणि गल्लीच्या तोंडाशी मी आता फार हळू जाते.

* * *

दुचाकी दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो. विजेच्या गाडीला मेंटेनन्स नाही असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. कमी आहे, नक्कीच कमी. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, टॅपेट सेटिंग, क्लच प्लेट, क्लच केबल ही यादी तिथे नाहीच. पण टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, बेअरिंग, शॉकअप सगळं आहे. बऱ्याच गाड्यांना चेनही असते, तिला तेल लागतंच. मोटरचा जोर शून्यापासून पूर्ण मिळतो. तो अंगात आल्यासारखा वापरला की मागचा टायर लवकर गुळगुळीत होतो.

जवळच्या जवळ गाडी वापरणाऱ्यांना माझा एक आग्रह आहे. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत पेट्रोलचं इंजिन नीट तापत नाही. आत जमलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं, ऑइल लवकर खराब होतं. किलोमीटर कमी झाले म्हणून असे लोक ऑइल बदलायला येत नाहीत आणि इंजिन आतून झिजतं. अशा वापराला विजेची गाडी जास्त योग्य.

पाण्याची भीती बरेच जण बोलून दाखवतात. गाडीच्या भागांना पाणी-धुळीपासून संरक्षणाचं जे ‘आयपी ६७’ मानांकन असतं, ते म्हणजे ठरावीक चाचणीत एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून पाणी आत गेलं नाही. त्याचा अर्थ जोरदार फवाऱ्याने कनेक्टर धुवावेत असा नाही. पावसात चालवा, पण धुताना प्रेशर पंप लांब ठेवा.

आणि पेट्रोलच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. ती बंद पडली तर कोणताही मिस्त्री तासाभरात काहीतरी करून रस्त्याला लावतो. विजेच्या गाडीचा कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) किंवा बॅटरीचं नियंत्रण सर्किट गेलं तर माझ्यासारख्याला आत शिरताच येत नाही, कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. सुटा भाग येईपर्यंत गाडी उभी. घेण्याआधी तुमच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरला कोणकोणते भाग जागेवर असतात हे विचारा. शोरूममध्ये नव्हे, वर्कशॉपमध्ये जाऊन विचारा.

* * *

आमच्याकडे हिवाळा कडक असतो. थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, त्यामुळे रेंज डोळ्यांदेखत कमी होते. उन्हाळा आला की ती परत येते, म्हणजे बॅटरी खराब झालेली नसते. शून्याखालच्या तापमानात चार्ज करणं मात्र खरंच घातक. लिथियम आत मुरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर थर धरतो आणि ते नुकसान भरून निघत नाही. चांगल्या गाड्या अशा वेळी चार्जिंग स्वतःच रोखतात. मी पोचल्यावर लगेच, बॅटरी वापराने थोडी ऊबदार असतानाच चार्जिंगला लावतो.

* * *

खर्चाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दोन्ही गाड्यांच्या किमतीतला फरक घ्या आणि त्याला दर किलोमीटरमागच्या बचतीने भागा. जे उत्तर येईल तेवढे किलोमीटर चालवल्यावर विजेची गाडी परवडायला लागते. रोजचं अंतर फार कमी असेल तर हा आकडा गाठायला बरीच वर्षं जातात, आणि हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. हिशोब करताना वीज भिंतीपाशी मोजावी. चार्जरमध्ये आणि बॅटरीत मिळून दहा-पंधरा टक्के वाया जाऊ शकते, ती पडद्यावर दिसत नाही पण बिलात येते. विम्याचा फरकही धरावा.

* * *

मी वापरलेली विजेची बाईक घेतली. पेट्रोलच्या जुन्या गाडीत आपण धूर बघतो, आवाज ऐकतो, ऑइलची गळती शोधतो. इथे बघायचं ते बॅटरी. मी फक्त किलोमीटर पाहिले नाहीत, बॅटरी कधी बनली तेही विचारलं, कारण उभ्या गाडीतली बॅटरीसुद्धा वयाने थकते. त्यातही जी सतत शंभर टक्के भरून उन्हात उभी असते ती लवकर थकते. वॉरंटीची कागदपत्रं नीट वाचली: मुदत किती उरली आहे आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळते. मग मालकाच्या परवानगीने पूर्ण चार्ज करून ओळखीच्या रस्त्यावर बरंच लांब चालवली आणि किती टक्के उतरले ते लिहून घेतलं. मालक एवढं करू देत नसेल तर मी ती गाडी घेणार नाही.

बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) आहे की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) हेही विचारा, हे लिथियम बॅटरीचे दोन प्रकार. एलएफपी त्याच साठ्याला जड असते, पण जास्त वेळा चार्ज होणं झेलते आणि तापण्याच्या बाबतीत सहसा जास्त सुरक्षित. तिचं व्होल्टेज बराच वेळ एकसारखं राहतं, त्यामुळे अधूनमधून पूर्ण भरली नाही तर टक्केवारी चुकीची दाखवते. एनएमसी रोज ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरलेली बरी.

* * *

ज्यांच्या वाटेवर मोठा चढ आहे त्यांच्यासाठी. माहितीपत्रकात मोटरची कमाल शक्ती ठळक छापतात. ती काही सेकंदांपुरती असते. लांब चढावर उपयोगी पडते ती सलग देता येणारी शक्ती. मोटर किंवा कंट्रोलर तापला की गाडी स्वतःहून जोर कमी करते, आणि मागे माणूस बसलेला असेल तर ते फार लवकर होतं. उतारावर थोडी वीज बॅटरीत परत येते, पण मोटर मागच्या चाकाला आणि ब्रेक लावताना वजन पुढे जाऊन मागचं चाक हलकं पडतं, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नये. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तेवढीही येत नाही. माझं घर चढाच्या वरच्या टोकाला आहे, म्हणून मी रात्री नव्वद टक्क्यांवरच थांबवतो. चाचणीला गाडी मागाल तेव्हा सपाट रस्त्यावर एक फेरी मारून परत देऊ नका. मागे माणूस बसवून तुमचाच चढ चढून बघा.